वरच्या शेतातला मावा

“शनिवारी,” आजोबा म्हणाले. त्यांनी हातातलं रासबेरीचं पान उलटं करून रोना आत्याच्या तळहातावर ठेवलं, टोपी कपाळावर ओढली आणि उतारावरून खाली निघून गेले.

पानाच्या मागच्या बाजूला मावा होता, झाडाचा रस पिणारे बारीक किडे. फिकट हिरवे, टपोरे, एकमेकांना खेटून बसलेले. आत्याने पान मुठीत मिटलं. शेजारच्या रांगेत इशबेल आणि तिचा धाकटा भाऊ डूगल बेऱ्या तोडत उभे होते. हात थांबवू नका, असं ती त्यांना अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली. पण जाताना स्वतःची भरलेली बादली मात्र तिथेच विसरून गेली. आत्या बादली विसरली!

शनिवारी काय होणार ते ड्रमफिनीच्या शेतावरच्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. शनिवारी आजोबा शेडचं कुलूप काढून फवारणीचं यंत्र बाहेर आणणार होते.

त्या काळी जुलै महिना आला की डंडी शहरातली निम्मी पोरं बसमध्ये बसून बेऱ्या तोडायला यायची आणि संध्याकाळी लाल बोटांनी परत जायची. इशबेल आणि डूगल मात्र शाळेला सुट्टी लागली की आजोबांकडे राहायलाच यायचे. कमरेला बादली बांधायची, दुपारी बांधावर बसून जॅम लावलेला पाव आणि थर्मासमधला चहा, संध्याकाळी चिलटांना शिव्या घालत घरी. त्या दोघांना दुसरी सुट्टी माहीत नव्हती आणि नकोही होती.

पण या वर्षी सगळं वरच्या शेतावर येऊन ठेपलं होतं. काही वर्षांपूर्वी खालचं अख्खं शेत रोगाने गेलं होतं. मावा एका झाडाचा रस पितो आणि रोग दुसऱ्या झाडाला देतो. पानांवर पिवळे डाग पडले, आणि बेरी बोटात धरली की तिचा चुरा व्हायला लागला. आजोबांनी स्वतःच्या हाताने सगळ्या काठ्या, म्हणजे रासबेरीची झाडंच, उपटून जाळल्या. त्यानंतर आत्या शहरातली विमा कचेरीतली नोकरी सोडून घरी आली आणि तिने वरच्या शेतात नव्या जातीच्या काठ्या लावल्या. या जातीवर मावा सहसा बसत नाही, बसला तरी रडतखडत वाढतो. आणि रडतखडत वाढणाऱ्या माव्याचा समाचार घ्यायला ढालकिडे आणि मुंगीहून लहान गांधीलमाश्या पुरेशा असतात, असं आत्याचं म्हणणं. दोघांनी मिळून करायचं काम आहे ते, ती सांगायची. एकटी जात पुरी पडणार नाही, एकटे किडेही पुरे पडणार नाहीत. फवारा मारला तर माव्याबरोबर हे मदतनीसही मरणार. म्हणून वरच्या शेतात फवारा नाही, असा तिने आजोबांकडून शब्द घेतला होता.

शब्दाला दुसरी बाजू होती. शेत टिकलं तर खालच्या शेतातही नव्या काठ्या लागतील आणि कारभार आत्याकडे येईल. मावा चढला तर खालचं शेत शेजाऱ्याला बार्लीसाठी द्यायचं आणि आत्याने पुन्हा त्या कचेरीत जाऊन बसायचं. तिच्या तिथल्या खिडकीतून फक्त समोरची भिंत दिसायची.

“तुमच्या आजोबांनी एकाच झाडाचं पान पाहिलं,” मागून जेस म्हणाली. “पुढच्याचं कुठे पाहिलं?”

जेस व्हाइटचं कुटुंब वर्षभर फिरतीवर असायचं आणि दर जुलैला त्यांची गाडी ओढ्याकाठच्या गवतात येऊन थांबायची. जेस इशबेलएवढीच होती, पण इशबेलची बादली अर्धी होईपर्यंत तिची दुसऱ्यांदा भरलेली असायची.

“पाहून काय होणार आहे?” इशबेल वैतागून म्हणाली.

“शहरी डोळ्यांना काही नाही होणार,” जेस म्हणाली आणि पुढच्या झाडाचं पान उलटं केलं.

पान स्वच्छ होतं. त्याच्या पुढच्या झाडाचंही. त्याच्या पुढच्याचंही. मग अचानक एक झाड असं आलं, की पानं उलटताच डूगल “ई!” करून मागे सरला. शेंड्यापासून खालपर्यंत नुसता मावा. त्याला खेटून उभं असलेलं झाड मात्र पुन्हा जवळजवळ मोकळं.

तिघं रांगेमागून रांग पानं उलटत सुटली. सगळीकडे तोच प्रकार. दहाबारा झाडं ठीक, मग एक माव्याने लडबडलेलं, मग पुन्हा ठीक. मावा असा वागतो का कधी? तो पसरत जातो. इथे तर कुणीतरी मुठीमुठीने टाकत गेल्यासारखा दिसत होता.

“मग टाकलाच असेल कुणीतरी,” डूगल म्हणाला. त्याचे डोळे चमकायला लागले होते. “मावा वाढला तर कुणाचा फायदा?”

तिघांनी एकदमच खाली रस्त्याकडे पाहिलं. मिस्टर पेट्री गावोगाव फिरून फवारणीची औषधं विकायचे. हल्ली त्यांची निळी मोटार वरच्या फाटकापाशी बरेचदा उभी दिसायची. आणि ते उतरायचे तेव्हा त्यांच्या काखेत एक पुठ्ठ्याचं खोकं असायचं.

दुसऱ्या दिवशी तिघं फाटकाजवळच्या चरात, नेच्याच्या झुडपात पालथी पडून राहिली. चिलटांनी त्यांना फोडून खाल्लं. डूगलला आधी शिंक आली, मग उचकी लागली, आणि जेसने त्याच्या तोंडावर हात दाबून धरला तेव्हा तो तिला चावला. इशबेलला एक क्षण पडून राहवत नव्हतं. दर मोटारीच्या आवाजाला ती मान वर करायची आणि जेस तिला वेणी धरून खाली ओढायची.

शेवटी निळी मोटार आलीच. पेट्री उतरले. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, खोकं काखेत मारलं आणि झपझप रांगेत शिरले. एका मावा पडलेल्या झाडापाशी ते थांबले, खाली वाकले आणि खोकं उघडलं.

“हात वर!” डूगल किंचाळत चरातून उठला.

पेट्री इतके दचकले की खोकं खाली पडलं. त्यातून एक वाटी निघाली. एक चमचा निघाला. साखरेची पुडी निघाली. आणि एक सायीची बाटली गडगडत जेसच्या पायाशी आली.

पेट्रींचा चेहरा बेरीसारखा लाल झाला होता. त्यांनी हळूच सांगितलं ते असं, की डॉक्टरांनी त्यांचं गोड बंद केलं होतं आणि त्यांच्या बायकोने घरातली साखर कुलपात ठेवली होती. त्यामुळे रोज एवढी एकच वाटी, इथे आडोशाला. “बाळांनो, मिसेस पेट्रीच्या कानावर मात्र जाऊ देऊ नका.”

डूगलचा सगळा उत्साहच मावळला. चोर सापडला होता, पण बेऱ्यांचा. इशबेल तर रडायच्या बेतात होती. शनिवार जवळ येत होता आणि त्यांनी अर्धा दिवस एका खादाड माणसावर घालवला होता.

जेस मात्र वाटीकडे बघत होती. “तुम्ही मोटारीपासून इतकी झाडं सोडून याच झाडाशी का आलात?” तिने विचारलं. “पुढची झाडं लगडलीत की. आणि याच्यावर तर मावा आहे.”

“मावा पुसता येतो,” औषधवाले पेट्री म्हणाले. “बाकीच्या बेऱ्याही चांगल्या आहेत, म्हणजे मोठ्या आहेत, घट्ट आहेत. पण यांची चव... माझ्या लहानपणी बेऱ्या अशा लागायच्या. अशी झाडं इथे थोडीच आहेत. मला सगळी पाठ झाली आहेत.” आणि त्यांनी बोटाने एकेक दाखवलं. ते झाड, ते झाड, ते तिकडचं. प्रत्येक माव्याचं झाड!

जेसने या झाडाची एक बेरी आणि शेजारच्या झाडाची एक बेरी डूगलला दिली, डोळे मिटायला लावून. डूगल एरवी बूटसुद्धा चवीने खाईल असं आजोबा म्हणायचे, पण तोही थांबला आणि म्हणाला की या दोन वेगळ्या आहेत. जेसने काठीच्या बुडाशी हात फिरवला. शेजारच्या झाडाची काठी गुळगुळीत होती. याची बारीक काट्यांनी खरबरीत.

“मावा कुणी टाकलेला नाहीये,” ती म्हणाली. “काठ्याच वेगळ्या आहेत. तुझ्या आत्याच्या नव्या जातीत कुणीतरी जुनी जात घुसवलीय. आणि मावा जिथे पोट भरतं तिथे बसणार.”

इशबेलने अजून चव घेतली नव्हती. तिने एक बेरी तोडून तोंडात टाकली आणि ती तिथेच उभी राहिली. ही चव तिला ठाऊक होती. सकाळच्या ओटच्या लापशीवर घातलेली. घरच्या जॅममधली. स्वयंपाकघरामागच्या भिंतीलगत उभ्या असलेल्या बेसीआजीच्या काठ्या!

बेसीआजी लग्न होऊन ड्रमफिनीला आली तेव्हा माहेरच्या काठ्या ओल्या पोत्यात गुंडाळून घेऊन आली होती. आजीला जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्या काठ्यांना आजोबा दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचे नाहीत. दर रविवारी चर्चहून आले की कोट न काढता ते एकेक पान उलटून त्यावरचा मावा अंगठ्याने चिरडायचे. त्यांच्या अंगठ्याचं नख बारा महिने हिरवं असायचं.

तिघं धावत घरामागे गेली. भिंतीलगत, काठ्यांच्या मध्ये मध्ये, जमिनीत खळगे होते. कोवळं तण उगवलं होतं, पण फावड्याने खोदल्याच्या कडा अजून दिसत होत्या.

मग सगळं जुळत गेलं. मागच्या हिवाळ्यात आत्या शेतीच्या अभ्यासक्रमासाठी गावाबाहेर होती. त्या कडाक्यात सशांनी वरच्या शेतातल्या बऱ्याच नव्या काठ्यांच्या साली कुरतडल्या, असं जेसच्या वडिलांनी त्या वाटेने जाताना पाहिलेलं होतं. आत्या वसंतात परत आली तेव्हा मात्र रांगा भरलेल्या होत्या. बेरीच्या मुलखात रांगेत मोकळी जागा राहू देणं म्हणजे फाटक्या कोटाने चर्चमध्ये जाणं. आजोबांना तर रस्त्यावरून एखादी मोकळी जागा दिसली तरी जेवण जायचं नाही. त्यांनी जागा भरल्या. घरच्या, हाताशी असलेल्या काठ्यांनी. आणि पानं नसताना लांबून सगळ्याच काठ्या सारख्या दिसतात.

“म्हणजे मावा आजोबांनीच आणला,” डूगल म्हणाला, “आणि आता तेच आत्याला नापास करणार. मी जाऊन सांगतो.”

“जा की,” जेस म्हणाली. “‘आजोबा, तुम्ही चुकलात’ असं सांग. यंत्र शनिवारऐवजी आजच निघेल.”

हे खरं होतं. आजोबांनी कधी चूक कबूल केलेली कुणाच्या आठवणीत नव्हती. तसं त्यांनी कधी कौतुकही केलेलं नव्हतं. शाळेत पहिलं आलं काय किंवा बादली सगळ्यात आधी भरली काय, त्यांचं सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र होतं, “वाईट नाही.” आणि आत्याला आधी सांगावं तर ती आपल्या वडिलांशी भांडणार, वडील हट्टाला पेटणार.

इशबेल रात्रभर कूस बदलत राहिली. सकाळी न्याहारीला आजोबांनी लापशीवरची बेरी जिभेवर फिरवली आणि नेहमीचं वाक्य म्हटलं, की डोळे बांधून कोणतीही बेरी द्या, तिचं नाव सांगतो. इशबेलचा चमचा हातातच राहिला.

त्या दिवशी दुपारी तिने आणखी एक गोष्ट पाहिली. आत्याच्या नव्या काठ्यांवरही मावा होता, अगदी थोडा, पण होता. आणि त्यातले बहुतेक किडे हिरवे नव्हतेच. फुगलेले, सोनेरी तपकिरी, पानाला चिकटून दाण्यासारखे कडक झालेले. ती बघत असतानाच त्यातल्या एकाच्या पाठीवर गोल झाकण उघडलं आणि आतून एक बारकी काळी गांधीलमाशी बाहेर आली. तिने पंख पुसले आणि ती सरळ पुढच्या पानावरच्या माव्याकडे निघाली. गांधीलमाशी माव्याच्या पोटात अंडं घालते, असं आत्याने सांगितलेलं इशबेलला तेव्हा खोटं वाटलं होतं.

बेसीआजीच्या काठ्यांवरही ते सोनेरी दाणे होते, खूप होते. पण तिथे मावा इतका भराभर वाढत होता की गांधीलमाश्यांचं काम उरकतच नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी बादल्यांचं वजन झालं, आणि तोडणारी सगळी मंडळी वजनकाट्यापाशी चहा घेत बसली, तेव्हा जेसने आपल्या आईचा रुमाल काढला आणि मोठ्याने म्हणाली की मिस्टर मंकर, म्हणजे आजोबा, डोळे बांधून बेरी ओळखतात ही नुसती थाप आहे, असं तिचे वडील म्हणतात. तिच्या वडिलांनी असं काही म्हटलं नव्हतं. ते चहात बघत बसले.

“बांध,” आजोबा म्हणाले.

बश्या धरायला मिस्टर पेट्री उभे होते. ते का तयार झाले ते फक्त तीन जणांना ठाऊक होतं.

पहिली बेरी शेजारच्या शेतातली. आजोबांनी नाव सांगितलं आणि शेजारी खत जास्त घालतो हेही सांगितलं. लोक हसले. दुसरी आत्याच्या नव्या जातीची. “रोनाची,” आजोबा म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, “वाईट नाही.” आत्याने चहाचा पेला खाली ठेवला.

तिसरी त्यांनी तोंडात घातली. रुमालाखाली त्यांचा चेहरा सैल झाला.

“बेसीची,” ते म्हणाले. “आणि माझ्या बागेला हात लावायचा नाही, हे तुम्हा पोरांना किती वेळा सांगायचं?”

इशबेल पुढे आली. “बागेतली नाहीये, आजोबा. वरच्या शेतातली आहे. तुम्ही ज्या झाडाचं पान आत्याच्या हातावर ठेवलंत ना, त्या झाडाची.”

आजोबांनी रुमाल सोडला, त्याची नीट घडी केली आणि जेसला परत दिला.

“मावा पडलेली सगळी झाडं तीच आहेत,” इशबेल भरभर बोलत सुटली. “फक्त तीच. नव्या काठ्यांवर थोडा आहे, आणि तो गांधीलमाश्या खातायत. चला, दाखवते. पानं उलटून बघा ना. एकदा सगळी बघा.”

“बाबा,” आत्या हलकेच म्हणाली, “ससे येऊन गेले होते, हे तुम्ही मला सांगितलं का नाही?”

आजोबा बुटांकडे बघत राहिले. “तू परत आलीस,” ते म्हणाले, “आणि रांगा बघून हसलीस. त्यानंतर सांगायला जीभ उचलली नाही.”

तिकडे जुलैत उजेड लवकर सोडून जात नाही. आजोबा वरच्या शेतात गेले आणि पहिल्या रांगेपासून एकेक पान उलटत निघाले. मागून कुणी बोललं तर हाताने गप्प करायचे. एका नव्या काठीपाशी ते बराच वेळ वाकून राहिले. सोनेरी दाण्याचं झाकण उघडत होतं. बारकी गांधीलमाशी बाहेर आली, त्यांच्या हिरव्या नखावर चढली, तिथून उडाली.

“दर रविवारी,” आजोबा म्हणाले, “मी अंगठ्याने हिलाही चिरडत असणार.”

शनिवारी शेडचं कुलूप निघालं. इशबेल खिडकीतून बघत होती. आजोबा बाहेर आले ते फावडं घेऊन. शेडची किल्ली त्यांनी आत्याच्या एप्रनच्या खिशात टाकली आणि ते उतार चढायला लागले.

वरच्या शेतातल्या बेसीआजीच्या काठ्या त्यांनी स्वतः काढल्या. कुणाला हात लावू दिला नाही. आत्या म्हणाली, जाळण्याआधी सोनेरी दाण्यांची पानं तेवढी कापून घेऊ, त्यात आपले मदतनीस आहेत. मग तिघांनी कात्र्या घेतल्या, हिरवा मावा पुसून टाकला आणि ती पानं बेऱ्यांच्या टोपल्यांत घालून नव्या काठ्यांमध्ये टांगली. घरामागच्या काठ्या राहिल्या. मात्र दर रविवारी मावा चिरडायचं काम आता आजोबा आणि इशबेल, अशा दोघांचं झालं, आणि सोनेरी दाणे सोडून द्यायचे, हे इशबेलने ठरवलं.

आता वरच्या शेतात जागोजागी मोकळ्या जागा दिसत होत्या. रस्त्यावरून तर फारच दिसत होत्या. त्या आठवड्यात जाणारायेणारा प्रत्येक शेतकरी फाटकाशी थांबून आजोबांना त्याबद्दल सांगून जायचा. आजोबा तोंड मिटून ऐकायचे. इशबेल रांगेत उभी राहून त्यांच्या मानेकडे बघायची. मान लाल व्हायची, पण ते फावड्याकडे जायचे नाहीत. आत्याने नव्या काठ्या मागवल्या होत्या, त्या नोव्हेंबरात यायच्या होत्या, खालच्या शेताच्या काठ्यांबरोबर.

मग निळी मोटार थांबली. पेट्रींनी काच खाली केली. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांची आवडती झाडं गेली होती.

“वॉट,” ते आजोबांना नावाने हाक मारत म्हणाले, “तुझ्या रांगांना भोकं पडलीत रे.”

आजोबांनी टोपी मागे सारली. रांगेत डूगल, जेस आणि इशबेल कमरेला बादल्या बांधून उभी होती. जेसची अर्थातच भरलेली होती.

“दिसतायत मला,” आजोबा म्हणाले. “ती भोकं या तिघांनी शोधलीत.” त्यांनी तिघांकडे पाहिलं. “वाईट नाही. मुळीच वाईट नाही.”

पलीकडच्या रांगेतून ऐकणाऱ्या आत्याने इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ते ‘मुळीच’ कधी ऐकलं नव्हतं.